विद्यार्थ्याची साक्ष

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले, की महाराष्ट्रातील लक्षावधी मध्यमवर्गीय घरांतून एक मोठी शोधमोहीम सुरू होते. साधी दुचाकी घेताना जे घर चार दुकानांत चौकशी करते, त्याच घराला मुलाच्या आयुष्यातील चार वर्षे कोठे जावीत, याचा निर्णय पर्याय भरण्याच्या तीन-चार दिवसांत करावा लागतो. माहितीपुस्तिका गुळगुळीत कागदावर छापलेल्या असतात. प्रत्येकीत हिरवळ असते, संगणकापुढे बसलेल्या हसऱ्या मुली असतात आणि गतवर्षी कोणा एकाला मिळालेल्या सर्वाधिक पगाराचा आकडा ठळक अक्षरांत असतो. हे सारे चाळून झाल्यावर प्रत्येक बाप अखेर एकच प्रश्न विचारतो : तेथे शिकणारा आपल्या ओळखीचा कोणी आहे का?

हा प्रश्न शहाणपणाचा आहे. पूर्वी त्याचे उत्तर गल्लीतला एखादा थोरला मुलगा, मावसभाऊ किंवा सुटीत गावी आलेला शेजारी देत असे. त्याचे बोलणे खरे की खोटे, हे त्याचा चेहरा पाहून ठरवता येई. शिवाय खोटे सांगितले तर पुढच्या दिवाळीत तोंड दाखवणे कठीण, ही भीती होतीच. आता तेच उत्तर हातातल्या मोबाइलवर, अनोळखी विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या शेकडो अनुभवांच्या रूपाने येते. त्यांत काही अत्यंत प्रामाणिक असतात. परंतु बहुसंख्य अनुभव दोनच साच्यांतून निघालेले दिसतात. एका साच्यात प्राध्यापक अनुभवी, वसतिगृह स्वच्छ आणि नोकऱ्या शंभर टक्के. दुसऱ्यात संस्था लुटारू, प्राध्यापक निरुपयोगी आणि 'चुकूनही येऊ नका'. पहिला वाचून पालकाला काही कळत नाही आणि दुसरा वाचूनही कळत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र लिहिणाऱ्याला नव्हे, वाचणाऱ्याला भरावा लागतो.

विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर इतके विसंबून का राहावे, संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या शासकीय यंत्रणा आहेतच की, असे कोणी म्हणेल. आहेत. उच्च शिक्षणसंस्थांना श्रेणी देण्यासाठी १९९४ साली 'नॅक' स्थापन झाली. तिची श्रेणी महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारावर मोठ्या फलकावर झळकते. परंतु २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातील एका संस्थेला उच्च श्रेणी मिळावी म्हणून लाच घेतल्याच्या आरोपाखाली केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांनाच अटक केली. त्याच वर्षीच्या मध्यास वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीचे प्रकरण त्याच विभागाने बाहेर काढले. तपासणीपुरते उभे केलेले अध्यापक आणि खाटांवर आणून झोपवलेले रुग्ण, असे त्यातील आरोपांचे स्वरूप होते. न्यायालये यथावकाश निर्णय देतील. पण जे आरोप झाले ते ऐकून महाविद्यालयांच्या आवारात कोणाला धक्का बसल्याचे दिसले नाही, ही अधिक चिंतेची गोष्ट आहे. तपासणी समिती येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयाची दारे उघडतात, कुंड्या येतात, आणि समितीपुढे काय बोलायचे याची विद्यार्थ्यांना उजळणीही दिली जाते. २०१७ च्या सुधारित पद्धतीत नॅकने विद्यार्थ्यांचे समाधान जाणून घेणारी पाहणी समाविष्ट केली. हेतू उत्तम होता. पण ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्याच्या देखत दिलेल्या उत्तराला पाहणी म्हणावे काय?

समिती दोन दिवस येते; विद्यार्थी तेथे चार वर्षे राहतो. नळाला पाणी किती वाजता येते, हे त्याला ठाऊक असते. वेळापत्रकात छापलेला तास प्रत्यक्षात कितीदा झाला, प्रयोगशाळेतील दहा उपकरणांपैकी किती चालू आहेत, परीक्षेच्या अर्जाला विलंबशुल्क कोणत्या युक्तीने लागते, हेही तोच सांगू शकतो. म्हणून त्याच्या बोलण्याला अभिप्राय न म्हणता साक्ष म्हटले पाहिजे. अभिप्रायाला काही बंधन नसते. साक्षीला असते.

हे बंधन कोणते, याचा विचार या देशात फार पूर्वी झालेला आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे कोणाचेही बोलणे नव्हे, तर आप्ताचे बोलणे. आप्त कोण? मराठीत आज आप्त म्हणजे नातेवाईक. शास्त्रातला आप्त निराळा. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने त्याची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय असा की, ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. त्याहूनही लक्षणीय गोष्ट पुढे आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असे भाष्यकार स्पष्ट करतो. कुळ पाहायचे नाही, गट पाहायचा नाही. स्वतः जाणले का आणि जाणले तसेच सांगितले का, एवढेच पाहायचे. द्वितीय वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही कसोटी समजण्यास कठीण नाही.

विद्यापीठ-जीवनाविषयीची जगातील फार जुनी अशी एक विद्यार्थ्याची साक्ष आपल्याच भूमीतील विद्यापीठाबद्दल आहे, हे येथे आठवते. चिनी भिक्षू इत्सिंग इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदा येथे सुमारे दहा वर्षे शिकला आणि परतीच्या वाटेवर श्रीविजय येथे असताना आपल्या देशबांधवांसाठी त्याने तेथील जीवनाचा वृत्तांत लिहून ६९२ साली मायदेशी धाडला. नालंदेच्या वैभवाने तो भारावला होता, तरी त्याने लिहिले काय? भोजनापूर्वी हात कसे धुतात, दंतकाष्ठ कसे वापरतात, पाण्याचे घड्याळ वेळ कशी दाखवते, सकाळी स्नानाची घंटा झाली की भिक्षू जवळच्या तलावांकडे कसे निघतात. मागाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके काय कळायला हवे, याची जाण असलेल्या माणसाचे हे लेखन आहे.

नालंदेत किती जण राहत होते, या प्रश्नाचे उत्तर तर फारच बोधक आहे. आपल्या भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून सर्रास दहा हजार हा आकडा दिला जातो. तो ह्युएन त्संगच्या चरित्रातला आहे आणि ते चरित्र कधी भारतात न आलेल्या त्याच्या शिष्याने रचले. स्वतः ह्युएन त्संग आपल्या प्रवासवर्णनात 'कित्येक हजार' एवढेच म्हणतो. इत्सिंगचा आकडा तीन हजारांवर थांबतो. गुरूच्या प्रेमापोटी शिष्याने आकडा वाढवला की त्यात पाहुणे आणि परगावचे भिक्षूही धरले, हे विद्वानांनी ठरवावे. पण तीन हजारांनी नालंदेची थोरवी रतिभरही उणी होत नाही, आणि तरीही आपल्या वक्त्यांच्या ओठांवर दहा हजारच येतात! ऐकीव आकडा पाहिलेल्या आकड्यापेक्षा नेहमीच गोंडस असतो. 'आमच्या कॉलेजात शंभर टक्के प्लेसमेंट' हे वाक्य याच जातीचे आहे.

तेव्हा ज्या विद्यार्थ्याला आपला अनुभव चारचौघांसमोर मांडायचा आहे, त्याने पहिली चाळणी ही लावावी : हे मी पाहिले, की ऐकले? 'मेसमध्ये अळ्या निघतात' असे लिहिणाऱ्याच्या ताटात त्या कधी निघाल्या होत्या? निघाल्या असतील तर कोणत्या महिन्यात, आणि तक्रारीनंतर काय झाले? निघाल्या नसतील तर जेवणाविषयी त्याला जे ठाऊक आहे ते त्याने लिहावे. पोळी गार असते, रविवारी रात्री मेस बंद असते आणि बाहेरच्या जेवणाचा महिन्याचा खर्च एवढा येतो. लातूर किंवा नंदुरबारहून पुण्याला मुलगी पाठवणाऱ्या आईला अळ्यांच्या दंतकथेपेक्षा रविवारच्या रात्रीची ही साधी नोंद अधिक उपयोगाची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण कोणत्या खिडकीतून पाहतो, हे सांगणे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठ हा एक वाडा नाही. त्यांना शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत, आणि एकाच आवारात रसायनशास्त्राचा विभाग नावाजलेला आणि शेजारचा विभाग अध्यापकांवाचून ओस, असेही घडते. म्हणून 'विद्यापीठ वाईट' या वाक्याला अर्थ नाही. कोणता विभाग, कोणते वर्ष, लिहिणारा घरून येतो की वसतिगृहात राहतो की कॉट बेसिसवर, मराठी माध्यमातून आलेला की इंग्रजी, हे कळले तर वाचणारा त्या अनुभवाची आपल्याशी तुलना करू शकतो. शिवाजीनगरच्या घरातून दुचाकीने येणाऱ्याचे पुणे आणि पहाटेच्या एसटीतून ट्रंक घेऊन उतरणाऱ्याचे पुणे ही दोन शहरे आहेत.

अध्यापकांविषयी लिहिताना तर हा विवेक अधिकच हवा. तास किती झाले, अभ्यासक्रम पुरा झाला का, शंका विचारली तर उत्तर मिळते का, उत्तरपत्रिका दाखवतात का, हे सांगण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे. सरांचे उच्चार, मॅडमचे कपडे, कोणाची जात, कोणाचे गाव हा साक्षीचा विषय नव्हे. खेड्यातून आलेल्या एखाद्या उत्तम गणितज्ञाची इंग्रजी उच्चारांवरून टवाळी करणारे मजकूर वाचले, की गणित शिकूनही काही जण किती अशिक्षित राहतात याचा प्रत्यय येतो. आणि कठोरपणे गुण देणारा प्रत्येक अध्यापक 'खडूस' ठरवला गेला, तर उद्या त्या विद्यापीठाच्या पदवीची किंमत कोण करील?

शिव्यांपेक्षा दोन तारखा किती प्रभावी ठरतात, याचे उदाहरण मुंबई विद्यापीठानेच घालून दिले आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आला. उत्तरपत्रिकांची संख्या सतरा लाखांच्या घरात होती. जुलै संपला तरी निकाल नाहीत, काही उत्तरपत्रिका सापडतच नाहीत, पुढील शिक्षणाचे प्रवेश हातचे जात आहेत, अशी दुर्दशा झाली. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. निकाल तीस दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत लावावा, असे महाराष्ट्राचा विद्यापीठ कायदा सांगतो. परीक्षा अमुक दिवशी संपली, निकाल अमुक दिवशी लागला, मधल्या काळात अमुक प्रवेशाची मुदत टळली : ज्या विद्यार्थ्याने एवढे मांडले, त्याला विशेषणांची गरज उरली नाही. या तीन ओळी कोणताही प्रवक्ता खोडू शकत नाही. 'विद्यापीठाचा भोंगळ कारभार' हे शब्द मात्र कोणीही कोणत्याही वर्षी लिहू शकतो, आणि म्हणूनच ते कोणी मनावर घेत नाही.

विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक मोजपट्टी आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रवेश सुरू होण्यापूर्वी किमान साठ दिवस आधी संस्थेने आपली माहितीपुस्तिका प्रसिद्ध करायची आहे. तीत शुल्क, जागा, अध्यापकांची पात्रता, सुविधा हे सर्व द्यायचे आहे आणि तीत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणे हा रीतसर तक्रारीचा विषय आहे. तेव्हा प्रवेशाच्या वेळची पुस्तिका जपून ठेवणारा विद्यार्थी अर्धी लढाई जिंकलेला असतो. छापलेले काय होते आणि मिळाले काय, हे शेजारी शेजारी मांडले की झाले. शुल्काच्या बाबतीत तर पावत्याच बोलतात. शिक्षणशुल्काचा आकडा सर्वांना ठाऊक असतो. अनामत, विकासनिधी, गणवेश, ठरावीक दुकानातूनच घ्यायची पुस्तके, 'ऐच्छिक' सहलीची सक्ती हे चार वर्षांत मिळून किती होते, ते फक्त भरणाऱ्याला ठाऊक असते.

नोकऱ्यांच्या आकड्यांतही असेच. सर्वाधिक पगार हा एकाला मिळतो. मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले, हे महत्त्वाचे. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, संस्थांना मध्यक पगाराची माहिती द्यावी लागते. ती फलकावरच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिली, तर बऱ्याच संस्थांचा चेहरा उतरेल. आपल्या वर्गातील साठांपैकी किती जणांना महाविद्यालयामार्फत नोकरी लागली, किती जणांची नियुक्तिपत्रे वर्षभर लांबली, किती जण आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसले आहेत, हे वर्गातल्या मुलाइतके कोण सांगू शकेल?

येथेच स्तुतीच्या बाजाराचाही विचार केला पाहिजे. शुल्कातील सवलत, प्रमाणपत्र, 'स्टुडंट ॲम्बॅसेडर' अशी पदवी किंवा रोख रक्कम घेऊन लिहिलेली स्तुती ही साक्ष नव्हे, जाहिरात होय. ग्राहकांनी लिहिलेल्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. विकत घेतलेले अभिप्राय त्याला मान्य नाहीत. शिकवणी वर्गांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र वा मनोगत त्याच्या यशानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरण्यास मनाई केली. शिकवणी वर्गांना जो नियम आहे, तो विद्यापीठांनी आपणहून पाळायला काय हरकत आहे? तोवर निदान विद्यार्थ्याने तरी आपल्याला काही मिळाले असेल, तर ते सांगून मग स्तुती करावी.

परदेशी वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रात हा व्यवहार फारच निर्दय झाला आहे. तेथे अनेकदा सीनियर विद्यार्थीच दलालाचे काम करतो. 'दादा, तिकडे कसे आहे?' असे विचारणाऱ्या गावाकडच्या मुलाला 'बिनधास्त ये' असे उत्तर मिळते आणि प्रत्येक प्रवेशामागे दादाच्या खात्यात रक्कम जमा होते. परत आल्यावर द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत बहुतेक सत्रांत तिसरा हिस्साही उमेदवार उत्तीर्ण होत नाहीत, हे दादाला ठाऊक असते. तो सांगत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थ्यांना 'ऑपरेशन गंगा'तून सुखरूप आणले गेले, तेव्हा कुठे अनेक गावांना आपली मुले कोणकोणत्या शहरांत शिकत होती, याचा पत्ता लागला. मराठीत दादा हा शब्द फार विश्वासाने उच्चारला जातो. त्या विश्वासाची अशी दलाली करणाऱ्याला नरमाईची वागणूक देण्याचे कारण नाही.

आता भीतीचा मुद्दा. खरे लिहायला विद्यार्थी कचरतो, कारण प्रात्यक्षिकाचे गुण, हजेरी, शिफारसपत्र आणि मूळ कागदपत्रे संस्थेच्या ताब्यात असतात. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये स्पष्टपणे बजावले, तरी ती प्रथा सर्वत्र गेली, असे म्हणणे धाडसाचे होईल. कायद्याची भीती दाखवली जाते ती वेगळीच. २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलमाचा त्या काळी असा वापर होई, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मार्चमध्ये घटनाबाह्य ठरवले. बदनामीचा गुन्हा मात्र आजही आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात तो आला आहे. तथापि सत्य आणि लोकहितासाठी केलेले विधान हा त्याचा पूर्वापार अपवाद आहे, आणि सद्भावनेने केलेल्या टीकेलाही कायद्याने जागा ठेवली आहे. 'या शुल्काची पावती मिळाली नाही' हे सिद्ध करता येते. 'संचालक चोर आहेत' हे सिद्ध करता येईलच असे नाही. प्रामाणिकपणाचा मार्ग आणि सुरक्षिततेचा मार्ग येथे योगायोगाने एकच आहे. भीती खरोखरच मोठी असेल, तर नाव न देता लिहिण्यात कमीपणा नाही. पण निनावी लिहिणाऱ्याने तपशिलांत दुप्पट काटेकोर राहावे, कारण त्याच्या शब्दामागे उभे राहायला त्याचा चेहरा नसतो.

काही अनुभव मात्र चारचौघांत मांडून भागत नाहीत. रॅगिंग हा त्यांपैकी सर्वांत गंभीर. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली, आणि तक्रार दडपणारा संस्थाप्रमुखही त्या गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जाईल, असे ठरवले. तरीही २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सीनियरांच्या मारहाणीत जीव गमवावा लागला, तेव्हा देश हादरला आणि आयोगाचे कडक नियम व १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात पुन्हा एक कोवळा जीव गेला. या दोन तारखांमध्ये कितीतरी वसतिगृहांतील मुलांनी 'येथे वातावरण अगदी घरच्यासारखे आहे' असे लिहिले असेल! रॅगिंगला 'ओळख परेड', 'इंट्रो', 'परंपरा' अशी गोंडस नावे देणारा विद्यार्थी पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या मुलाला फसवतो. ज्याने सोसले त्याने आधी तक्रार करावी, मदतवाहिनीला कळवावे; मागाहून लिहावे. दुसऱ्याने सोसलेले आपण परस्पर जगजाहीर करू नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा तर न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाप्रमाणे गुन्हाच आहे. सहानुभूतीच्या भरात नाव, वर्ग, गाव लिहून मोकळे होणाऱ्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावे.

राहता राहिला तो सर्वांत अवघड मोह, आणि तो विचारांच्या माणसांना अधिक पडतो. संस्था आपल्या विचाराची असली, तिच्या संचालक मंडळात आपले आदरणीय बसत असले, की तिचे उणे दिसूनही बोलायचे नाही. आणि संस्था विरोधी विचाराची असली, की तिचे काही चांगले असू शकते हे मान्यच करायचे नाही. संस्था आपली असल्याने तिच्या वसतिगृहातील आमटी आपोआप दाट होत नाही. तिथल्या विद्यार्थी-कार्यकर्त्याने शौचालयांची दुरवस्था सांगितली, तर ती गद्दारी नव्हे. ज्यांनी आयुष्य वेचून ती संस्था उभारली, त्यांच्यावर त्याचे हे ऋणच आहे. उलट बाजूचे उदाहरण जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे घ्यावे. २०१६ च्या फेब्रुवारीतील घोषणांनंतर त्या विद्यापीठाबद्दल देशभर जेवढे बोलले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाबद्दल बोलले गेले असेल. त्या घोषणांचा निषेध योग्यच होता. पण तेथे जपानी शिकणारा किंवा जीवशास्त्रात संशोधन करणारा विदर्भातला एखादा मुलगा ग्रंथालयाविषयी, मार्गदर्शकांविषयी, खानावळीच्या खर्चाविषयी काय सांगतो, हे कोणी विचारले? दूरचित्रवाणीवर दोन्हीकडून आरडाओरडा झाला आणि साक्षीदार मागच्या बाकावर बसून राहिला. वात्स्यायनाने म्लेच्छालाही आप्त होण्याची मुभा दिली; आपण निदान शेजारच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला द्यावी.

आणि प्रामाणिकपणा म्हणजे केवळ दोषदिग्दर्शन, असाही एक समज रूढ झाला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रंथालय दोन तास अधिक उघडे ठेवणारे ग्रंथपाल, 'कमवा व शिका' योजनेत काम करणाऱ्या मुलाची हजेरी सांभाळून घेणाऱ्या बाई, आजारी मुलीला भात करून देणाऱ्या मेसच्या मावशी यांची नोंद कोणत्याही श्रेणीपत्रकात होत नाही. ती फक्त विद्यार्थीच करू शकतो.

एक साक्ष तर या क्षणी अत्यंत आवश्यक आहे. २०२१ साली एआयसीटीईने अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास परवानगी दिली आणि पुण्यातील एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याचा प्रारंभ केला. मातृभाषेतून उच्च शिक्षण व्हावे, अशी ज्यांची आयुष्यभराची निष्ठा आहे, त्या सर्वांना आनंद झाला. सत्कार झाले, लेख आले. चार वर्षांच्या त्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडण्याच्या टप्प्यावर आली. तिच्यातील विद्यार्थ्यांना पुस्तके वेळेवर मिळाली का? मराठी पारिभाषिक शब्दांनी विषय सोपा झाला, की दोन वेळा शिकावा लागला? मुलाखतीत समोरच्याने इंग्रजीत विचारले तेव्हा काय घडले? लहान गावातून आलेल्या ज्या मुलाची पूर्वी पहिल्या सत्रातच दांडी उडत असे, तो या वेळी टिकला का? उत्तरे सुखद असतील किंवा नसतीलही. जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षक, पालक आणि विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी या मुलांना गाठावे, त्यांना बोलते करावे आणि ते जे सांगतील ते न सजवता लिहून घ्यावे. प्रवेशाच्या पुढच्या हंगामात पर्यायांचा अर्ज भरायला बसणारा कोणी मराठी माध्यमाचा मुलगा तेच शोधत असणार आहे.